सावलीचे ठसे : कॅमेऱ्याविना छायाचित्रणासंबंधी काही विचार

दोन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका कलादालनात कॅमेऱ्याविना केलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन मी पाहिले. मुदत संपलेला जुना ब्रोमाइड पेपर घ्यायचा, त्यावर पाने, फुले, पिसे मांडायची, वर काच दाबून धरायची आणि सगळे उन्हात ठेवायचे. कृती एवढीच. कॅमेरा नाही, निगेटिव्ह नाही, डेव्हलपर नाही. ऊन खाल्लेला कागद आधी गुलाबी होतो, मग जांभळट, मग तपकिरी. झाकलेला भाग फिका राहतो. या ठशांना आता 'ल्युमेन प्रिंट' असे नाव पडले आहे. चित्रे देखणी होती, हे आधीच कबूल करून टाकतो. नेच्याच्या पानाची एकेक शीर उठली होती. ओल्या पाकळ्यांच्या कडेने पिवळा, निळसर ओघळ आला होता आणि तो रंग कोणत्याही डबीतून आलेला नव्हता.

पण दाराशी लावलेल्या निवेदनाचा आशय असा होता की, या चित्रांत माणसाचा हात नाही; निसर्गाने स्वतःच स्वतःला रेखाटले आहे. माझ्याबरोबर आलेले एक तरुण कार्यकर्ते ते वाचून म्हणाले, "सर, हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं." मलाही तसेच वाटले होते. हा लेख त्या वाटण्यातून झाला.

'निसर्गाने काढले' हा दावा या कलेइतकाच जुना आहे. इंग्लंडमधल्या फॉक्स टॅल्बटने 1844 पासून भागाभागाने प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकाला 'निसर्गाची पेन्सिल' या अर्थाचे नाव दिले. त्याच्या काळात त्यात नवल होते, ते समजण्यासारखे आहे. परंतु आपण ज्या समाजात राहतो त्या समाजात 'हे निसर्गानेच असे मांडले आहे, यात माणसाचा हात नाही' हे वाक्य निरुपद्रवी नाही. चातुर्वर्ण्याचे समर्थन दुसऱ्या कोणत्या वाक्याने झाले? ज्याने मांडणी केली तो बाजूला सरकतो आणि मांडणी सृष्टीच्या नावावर जमा होते. पान कागदावर आपण होऊन चालत आलेले नसते. कोणते पान घ्यायचे, कोणते टाकायचे, काच कोणी दाबायची, किती वेळ, हे सगळे माणूस ठरवतो. ऊन फक्त अंमलबजावणी करते. म्हणून या कलेची चिकित्सा करायची तर सूर्याला बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला पाहिजे : कागदावर काय ठेवले, आणि कोणी?

मी एका तालुक्याच्या गावी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. कलासमीक्षक नाही. तरी या विषयावर लिहिण्याचा थोडा अधिकार मला माझ्या मामांमुळे मिळाला आहे. मामांनी उभे आयुष्य एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये काढले. लाल दिव्याखाली एन्लार्जर, तीन ट्रे, हायपोचा वास आणि पिवळी पडलेली नखे. गिऱ्हाईक मालकाशी बोलायचे; मामा आत. लग्नाचे अल्बम त्यांच्या हातून तयार होऊन गेले, पण लग्नघरी कॅमेरा घेऊन ते क्वचितच गेले. का, ते मला मोठेपणी कळले. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकाने हिशेबात कमी पडलेल्या पैशांऐवजी ब्रोमाइड पेपरच्या जुन्या पेट्या त्यांच्या गळ्यात मारल्या. त्यात दोन पेट्या 'इंदू' छापाच्या होत्या. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा हा माल. कारखाना 1960 मध्ये स्थापन झाला, 1967 मध्ये उत्पादन सुरू झाले. आता तो बंद आहे. पेपरची मुदतही कधीच संपली होती. मामा गेल्यावर पेट्या माझ्याकडे आल्या.

मुदत संपलेला पेपर फोटोच्या कामाला निरुपयोगी का, आणि उन्हाच्या कामाला उपयोगी का, हे समजून घेण्यासारखे आहे. कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण अडकलेले असतात. नेहमीच्या छपाईत क्षणभराचा प्रकाश या कणांवर न दिसणारा संस्कार करतो आणि डेव्हलपर तो उघड करतो. कागद जुना झाला की प्रकाश न लागलेले कणही डेव्हलपरमध्ये काळवंडतात. सगळा फोटो मळकट येतो. उन्हाच्या पद्धतीत डेव्हलपरच नाही. अर्धा तास, तास, कधी चार तास ऊन दिले की प्रकाश स्वतःच क्षारांतून चांदी मोकळी करतो. हे चांदीचे कण इतके बारीक असतात की ते काळे न दिसता आपल्या आकाराप्रमाणे गुलाबी, जांभळे, विटकरी दिसतात. मामांनी फुकट गेले म्हणून ठेवलेले कागद असे कामाला आले. येथे 'समाजाने टाकून दिलेल्यातही सामर्थ्य असते' असे एखादे सुभाषित लिहिण्याचा मोह होतो. तो आवरतो. कागद कागद आहे, माणूस माणूस.

मात्र एका गोष्टीत रूपक आणि वस्तुस्थिती यांच्यात अंतरच उरत नाही, ती म्हणजे सावली. इंग्रजी नावाचा मूळ अर्थ प्रकाशाने लिहिणे असा आहे. मराठीने मात्र 'छायाचित्र' म्हटले. कॅमेऱ्याच्या फोटोला हा शब्द सैल बसतो. कागदावर थेट वस्तू ठेवून केलेल्या ठशाला तो तंतोतंत बसतो, कारण तेथे चित्र असते ते सावलीचेच. 31 जानेवारी 1839 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे टॅल्बटचा जो निबंध वाचला गेला त्यातल्या एका भागाचे शीर्षकच 'सावली पक्की करण्याची कला' अशा अर्थाचे आहे. जगातली सर्वांत क्षणिक गोष्ट कोणती, तर सावली. तिला आपण बांधून ठेवले याचे त्याला अप्रूप होते.

टॅल्बटला सावली क्षणिक वाटली. पेशवाईतल्या पुण्याला ती तशी वाटत नव्हती. दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊपूर्वी महारामांगांना शहराच्या वेशीच्या आत येण्यास मनाई होती, अशी नोंद आहे. कारण त्या वेळात सावल्या लांब पडतात आणि वरच्या जातीच्या माणसावर पडून त्याला विटाळ करतात. सावली चिकटते, डाग पाडते, ती धुवावी लागते, हे तत्त्व टॅल्बटच्या आधी आमच्या देशात कायद्यासारखे पाळले गेले. चांदीचे क्षार लागले नाहीत. माणसाच्या सावलीने डागाळणारा पृष्ठभाग धर्माने तयार करून ठेवला होता.

ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. कळली ती फळ्यापाशी. डिसेंबरात आठवीच्या मुलांबरोबर हे ठसे करायचे ठरवले. आदल्या दिवशी सूचना लिहिताना मी सवयीने लिहिले : 'ऊन नऊ ते तीन या वेळातच घ्यावे.' कारण साधे आहे. ऊन तिरपे असले की वस्तूची सावली तिच्या कडेबाहेर सांडते आणि रेषा पसरते. डोक्यावरच्या उन्हात ती वस्तूखाली गोळा होते आणि ठसा रेखीव येतो. शिवाय कागदावर काम करणारे अतिनील किरण त्याच वेळात जोरात असतात. वाक्य लिहून झाले आणि खडू हातात तसाच राहिला. नऊ ते तीन. वेशीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला आत सोडण्याची हीच वेळ. भूमिती एकच. वस्तूची सावली आखूड असेल तेव्हा. मुलांना मी त्या दिवशी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मैदानात प्रत्येकाला आपली सावली नऊला आणि बाराला पावलांनी मोजायला सांगितली, आणि मग बोललो. एका मुलाने विचारले, "मग ढगाळ दिवशी काय करत असतील?" या प्रश्नाला मी हसलो नाही. त्या पहारेकऱ्यांनाही हा प्रश्न पडला असणार.

छायाचित्रणाच्या या प्रकाराला आणखी एक अट आहे : स्पर्श. कॅमेरा दुरून पाहतो. त्याला वस्तूला शिवावे लागत नाही. उन्हाच्या ठशात वस्तू कागदाला टेकलीच पाहिजे. मध्ये बोटभर अंतर राहिले की चित्र विरते. म्हणजे ही शिवाशिवीची कला आहे. परदेशी समीक्षेत या स्पर्शाविषयी भरपूर लिहिले जाते, परंतु ज्या समाजात स्पर्श हाच दंडनीय होता त्या समाजातून या कलेकडे कसे पाहता येईल, हा प्रश्न आपल्याशिवाय कोण विचारणार?

पाया खणताना तर आणखी विलक्षण गोष्टी हाती लागतात. टॅल्बटच्या आधी 1802 मध्ये टॉमस वेजवुडच्या प्रयोगांचा वृत्तान्त हंफ्री डेव्हीने प्रसिद्ध केला. चांदीच्या द्रावणात भिजवलेल्या पृष्ठभागावर पाने, कीटकांचे पंख ठेवून त्यांनी ठसे घेतले. पृष्ठभाग दोन होते : पांढरा कागद आणि पांढरे कातडे. कातड्यावर परिणाम कागदापेक्षा लवकर होतो, अशी त्यांची नोंद आहे. ठसे पक्के करण्याची युक्ती मात्र सापडली नाही. ते अंधारात ठेवत आणि मेणबत्तीच्या उजेडात पाहत. छायाचित्रणाच्या पहिल्याच पानावर कमावलेले कातडे आहे, ही गोष्ट मी ढोराच्या आणि चांभाराच्या घरातून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. त्यांच्या पाठ्यपुस्तकात कातडे कोठेच येत नाही.

कातडे पुढे गेले, पण गुरे गेली नाहीत. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनचा थर वापरून दाखवला आणि नंतरच्या शतकभरात फोटोचा प्रत्येक कागद, प्रत्येक फिल्म जिलेटिनवर उभी राहिली. जिलेटिन म्हणजे गुरांची हाडे आणि कातडी उकळून काढलेला डिंक. त्याचीही एक कथा आहे. काही जिलेटिनने कागद तरतरीत होतो आणि काहीने मंद राहतो, याचे कारण कोडॅकच्या प्रयोगशाळेतील शेपर्ड याला 1925 च्या सुमारास सापडले : गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतून आलेला गंधकाचा अंश. म्हणजे गाय काय चरली, यावर फोटो अवलंबून! सिनेमाच्या पडद्यावरच्या देवादिकांच्या दर्शनाखालीही हाच थर होता. हे कितीजणांना माहीत असेल, आणि माहीत असते तर किती देवळांतल्या तसबिरी खाली उतरल्या असत्या?

मेलेले ढोर ओढणे हे काम आमच्या माथी होते. महाडला 1927 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी मृत मांस आणि मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडा असे सांगितले, आणि माझ्या आजोबांच्या पिढीने ते सोडले. सोडल्याबद्दल मारही खाल्ला. गावकुसाबाहेर पडलेली हाडे गोळा करणाऱ्यांचे हात, ती ठेचणारे कारखाने, बोटीने युरोपला जाणारा हाडांचा चुरा, हा साखळीचा एक भाग. दुसऱ्या टोकाला पांढरी, गुळगुळीत, बिनवासाची पेटी. मामा त्या पेटीतला कागद लाल उजेडात हातात धरत तेव्हा ती साखळी एका माणसापाशी येऊन मिळत होती. त्यांना हे ठाऊक नव्हते. मलाही ते गेल्यावर कळले.

कलादालनातल्या निवेदनात यातले काहीच नव्हते. त्यात प्रकाश होता, काळ होता, नश्वरता होती. कलावंताने जिलेटिनचा इतिहास लिहायला हवा होता असे माझे म्हणणे नाही. पण 'शुद्ध प्रकाश' हा शब्द वापरण्यापूर्वी आपण प्रकाश कशावर पाडतो आहोत याची माहिती असावी. त्या कागदावर शुद्ध असे काहीही नाही.

या कलेच्या इतिहासात एक बाई आवर्जून गौरवल्या जातात : अ‍ॅना अ‍ॅटकिन्स. 1843 पासून त्यांनी समुद्रशेवाळांचे निळे ठसे काढून पुस्तकाचे भाग प्रसिद्ध केले. छायाचित्रांनी सजलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. काम खरोखर मोठे आहे. स्त्रीने, तेही त्या काळात, एवढ्या चिकाटीने केलेले. पण त्यांचे पती जॉन पेली अ‍ॅटकिन्स हे वेस्ट इंडीजशी व्यापार करणाऱ्या घराण्यातले होते. गुलामांच्या श्रमावर चाललेल्या जमैकातील मळ्यांशी त्या घराण्याचा संबंध होता. अ‍ॅनाबाईंनी पुढे नेच्यांचे ठसे केले, त्यांतल्या काही पानांवर 'जमैका' असे ठिकाण लिहिलेले आहे. पान कागदावर आले; पान ज्या मातीतून आले तिथे राबणारा माणूस आला नाही. मी त्यांचे नाव खोडायला निघालेलो नाही. निळ्या रंगाचे आम्हालाही वेड आहे, आणि ते ठसे पाहताना माझाही जीव रमतो. मात्र वनस्पतिशास्त्राच्या निरागस पानावर गुलामीच्या हिशेबाची सावली असते आणि ती दिसण्यासाठी वेगळे ऊन लागते, एवढे म्हणतो.

ती निळी पद्धत 1842 मध्ये शोधली जॉन हर्षल यांनी. हायपोने चांदीचे क्षार विरघळतात, हेही त्यांनीच 1819 मध्ये दाखवले होते; ठसे पक्के होऊ लागले ते त्यामुळे. याच हर्षलांचे चिरंजीव विल्यम हर्षल बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत होते. 1858 मध्ये रस्त्यासाठी माल पुरवण्याचा करार करताना त्यांनी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाला शाई लावून त्याचा ठसा करारावर घेतला. हेतू असा की, पुढे त्याने सही नाकारू नये. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की तो करार कोनाईने स्वतःच्या हाताने लिहिलेला होता. ज्याला लिहिता येत होते त्याचाही पंजा घेतला. बापाने सूर्याकडून पानांचे ठसे घेण्याची युक्ती दिली, मुलाने माणसांचे ठसे घेण्याची वाट पाडली. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला, 1897 मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी उघडली. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती 31 ऑगस्ट 1952 रोजी कागदोपत्री मुक्त झाल्या. त्यांच्या बोटांच्या कागदांचे गठ्ठे कोठे गेले?

अंगठा हे आमच्या घराण्यातले सर्वांत जुने चित्र आहे. माझ्या आजीचा एकही फोटो नाही. सावकाराच्या एका कागदावर तिच्या अंगठ्याचा ठसा मात्र आहे, आणि तो कॅमेऱ्याविना केलेलाच आहे. फोटो आमच्या घरात आला तो बाबासाहेबांचा; चैत्यभूमीवरून सहा डिसेंबरला आणलेला. घरातल्या माणसाचा पहिला फोटो शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी काढला गेला. एकोणिसाव्या शतकात सरकारने आमच्यासारख्यांचे फोटो जातीच्या नमुन्यादाखल काढवून घेतले आणि 1868 ते 1875 या काळात आठ खंडांत छापले, ते वेगळे. आणि जुलै 2016 मध्ये गुजरातेत उना येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या तरुणांना मारणाऱ्यांनी स्वतःच चित्रीकरण केले, तेही वेगळे. कॅमेरा कोणाच्या हातात होता हे पाहिले की कॅमेऱ्याविना चित्र ही कल्पना आमच्या दृष्टीने निव्वळ हौसेची राहत नाही. परंतु कॅमेरा नसला म्हणजे अन्याय नाहीसा होतो, हेही खरे नव्हे. पंजाच्या ठशाने ते दाखवून दिले आहे.

आता आमच्या मुलांच्या ठशांकडे वळतो, कारण दुसऱ्याची चिकित्सा करणाऱ्याने आपले कामही उन्हात ठेवले पाहिजे.

घरातून कामाची एक वस्तू आणा, असे मी सांगितले होते. रापी आणि आरी आली, विळा आला, केरसुणी आली, दोर वळायचा वाख आला, विड्या वळणाऱ्या बाईच्या सुपातली तेंदूची पाने आली, नाक्यावरच्या चहावाल्याची गाळणी आली. एकाने पेन आणले आणि त्याभोवती तुटलेली साखळी मांडली. साखळी आणि पेन हा ठसा सर्वांत वाईट होता. आमच्याकडच्या भिंतीवरच्या चित्रांची ती नक्कल होती आणि मुलाने ती उन्हात ठेवण्यापूर्वीच तिचा अर्थ ठरवून टाकला होता. विद्रोहाची चिन्हे अशी घासून गुळगुळीत झाली आहेत की कागदाला ती टेकतच नाहीत. आपल्या कवितेतही हे होते, आणि आपण बोलत नाही. रापीचा ठसा सपाट पांढरा आला. लोखंड अपारदर्शक, त्यातून काही सांगितले जात नाही. वाखाचा ठसा अप्रतिम आला. एकेक तंतू उठला, आणि जेथे पोराने तो ओल्या हाताने पिळला होता तेथे नारिंगी डाग उमटला. गाळणीची जाळी जेथे घासून फाटली होती, तेथे प्रकाश शिरून जांभळा ठिपका पडला. वापरलेली वस्तू आपला वापर सांगते. नवी विकत आणलेली वस्तू गप्प राहते.

एका मुलाची आई नगरपालिकेत झाडूकाम करते. तो खराटा घेऊन आला. मी खूश झालो. माझ्या मनात लेखच तयार झाला होता. दुपारी ती बाई कामावरून परत जाताना शाळेच्या मैदानाशी थांबली, कागदावर पसरलेल्या काड्या पाहिल्या आणि मला म्हणाली, "सर, हे कशाला ठिवता? रोज हातात असतोच की. फोटूत तरी नको."

मला उत्तर सुचले नाही. नंतर पुष्कळ सुचले : श्रमाचा गौरव, लाज त्यांना वाटावी ज्यांनी हे काम लादले, वगैरे. ही सगळी उत्तरे बरोबर आहेत आणि तिच्या वाक्यापुढे अपुरी आहेत. बाबासाहेबांनी ढोर ओढू नका म्हटले तेव्हा त्या दोरीचा गौरव करा असे म्हटले नव्हते. आमच्या आत्मकथनांवर पांढरपेशा समीक्षकांनी 'ही कला नव्हे, दस्तऐवज आहेत' असा शेरा मारला, त्याला आपण योग्य उत्तर दिले. पण घरच्यांनी घेतलेला आक्षेप, 'आमची लाज चव्हाट्यावर का मांडता' हा, आपण मागासलेपणा म्हणून बाजूला सारला. त्यात माणूसपणाचा दावा होता, हे मला त्या मैदानात दिसले. खराटा तिच्या मुलाने निवडला होता, मी मान्य केला होता. तिला कोणी विचारले नव्हते. 'कागदावर काय ठेवले आणि कोणी' हा माझाच प्रश्न माझ्यावर उलटला.

मी विचारले, "मग काय ठेवायचं, ताई?" ती म्हणाली, "अंगठा नको. महिन्याला देतेच पगाराला." मग थोडे थांबून तिने पंजा पुढे केला. "हा घ्या अख्खा."

वीस मिनिटे तिने हात कागदावर धरला. काच ठेवली नाही. ऊन कडक होते, हात घामेजला, दोनदा हलला. ठसा तसाच आला : कडा दुहेरी, करंगळी जाड, बोटांच्या टोकांशी घामाने पिवळसर डाग, आणि भोवती गर्द जांभळे. बांगड्यांच्या काचेतून थोडा प्रकाश गेला, तेथे मनगटाशी दोन गुलाबी रेषा. जर्मनीत फ्लोरिस नॉयझ्यूस याने 1960 पासून अख्ख्या माणसांना फोटोच्या कागदावर झोपवून ठसे घेतले, पॅरिसमध्ये मॅन रे आणि पुढे बाउहाउसमध्ये मोहोली-नॉज यांनी 1920 नंतरच्या दशकात हात, चाव्या, स्प्रिंगा ठेवून जे केले ते जगभर गाजले. त्या कामांपेक्षा हा ठसा श्रेष्ठ असे मी म्हणणार नाही. तो वेगळ्या कारणासाठी केलेला होता.

तिचा पुढचा प्रश्न होता, "टिकंल का?"

या प्रश्नापाशी मला कलादालनातल्या सौंदर्यदृष्टीशी उघड भांडण करावे लागते. उन्हाचा ठसा तसाच ठेवला तर रंग अपूर्व असतात, परंतु उजेडात ठेवला की काळवंडत जातो. हायपोत पक्का केला तर टिकतो, पण जांभळे जाऊन फिकट बदामी, पिवळट उरते. म्हणून अनेक कलावंत तो पक्का करत नाहीत. स्कॅन करून ठेवतात आणि मूळ कागदाच्या नाहीशा होण्यालाच कलेचा भाग मानतात. नश्वरतेचे हे कौतुक मला परवडत नाही. ज्यांच्या घरी चार पिढ्यांचे अल्बम आहेत त्यांनी एक चित्र विरू दिले तर तो विचार होतो. ज्यांच्याकडे आजीचा अंगठाच आहे त्यांच्या घरी तेच चित्र विरले तर ते आणखी एकदा पुसले जाणे होते. अनित्यता आम्हाला बुद्धाने सांगितली आहे, ती कलादालनाकडून शिकण्याची गरज नाही. आणि बुद्धाने ती माणसांना दुःखातून सोडवण्यासाठी सांगितली, त्यांचा पुरावा नष्ट व्हावा म्हणून नव्हे.

अमेरिकेतल्या अ‍ॅलिसन रॉसिटर या बाई 2007 पासून मुदत संपलेले जुने कागद गोळा करून, त्यांवर काहीही न ठेवता, नुसते डेव्हलप करतात. कागदाला लागलेली ओल, बुरशी, कोणाच्या बोटांचे डाग यांतूनच चित्र तयार होते. त्यांचे काम मी छापील स्वरूपातच पाहिले आहे, पण मला ते मुंबईतल्या नेच्यांपेक्षा जवळचे वाटले, कारण त्यात कागदाला त्याचा भूतकाळ बोलू दिला आहे. मामांच्या पेटीतल्या एका कागदाच्या कोपऱ्यावर उन्हात एक अर्धगोल आपोआप उमटला. मोजला तर अंगठ्याएवढा. तो मामांचाच, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. मालकाचाही असेल.

त्या बाईंचा पंजा आम्ही पक्का केला. आधी पाण्यात, मग हायपोत पाच मिनिटे, मग पुन्हा पाण्यात तासभर. मुले ट्रेभोवती जमली होती. जांभळे उतरू लागले तेव्हा एक मुलगी ओरडली, "सर, जातंय, काढा ना!" काढले नाही. वाळल्यावर उरला तो मातीच्या रंगाचा पंजा, मनगटाच्या रेषा जवळजवळ गेलेल्या. बाईंनी तो हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "मघाशी झ्याक होता." मग पदराखाली धरून घेऊन गेल्या. मुलगा सांगतो, तो बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला आहे, काचेशिवाय.

पंजा पक्का करण्यापूर्वी त्यांनी दुसऱ्या कागदावरही हात धरला होता. या वेळी डावा, आणि हसत. तो मी पक्का केलेला नाही. काळ्या पाकिटात ठेवला आहे. वर्गात दाखवायला काढतो तेव्हा पडदे ओढून घेतो, तरी दर खेपेस तो किंचित गडद होतो. मुलांमध्ये यावरून दोन तट आहेत आणि माझे मत मी त्यांना अजून सांगितलेले नाही. इंदूच्या पेटीत आता अकरा कागद उरले आहेत.